तिघी बहिणींचा माग

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना वाटेत पापनाशम लागते. तिरुनेलवेलीच्या डोंगरातले पापनाशम वेगळे. हे कावेरीच्या फाट्यांनी भिजलेले, भाताच्या खाचरांमधले गाव आहे. खर-दूषणांच्या वधाचे पाप रामाने इथे फेडले अशी श्रद्धा आहे, म्हणून इथे एकशेआठ शिवलिंगांचे देऊळ आहे. याच तालुक्यात मेलट्टूर आहे. तंजावरच्या भोसले राजांच्या काळात मेलट्टूरच्या वेंकटराम शास्त्रींनी भागवतमेळ्यासाठी तेलुगूत नाटके रचली. त्यांतले ‘प्रह्लादचरित्र’ नृसिंहजयंतीच्या सुमारास रात्रभर चालते, आणि ते आजही होते.

नृसिंहाचा मुखवटा देवळात पूजेत असतो. तो चढवणारा त्या दिवशी उपास करतो. रात्रभर गायन, पदन्यास आणि बापलेकाचा वाद चालतो. खांबातून देव प्रकटतो तेव्हा पहाट जवळ आलेली असते. मुखवटा चढला की त्या माणसाच्या अंगात येते. त्याला आवरायला माणसे धरून उभी राहतात, कारण समोरचा हिरण्यकशिपू त्याला आता नट वाटेलच याची खात्री कोणी देत नाही. ना माणूस ना पशू, ना घरात ना अंगणात, ना दिवस ना रात्र. भागवतातली ती अट डोळ्यांपुढे पुरी होताना पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ही निव्वळ भीती नसते, आणि नुसती भक्तीही नसते. ओळखीचे जग क्षणभर पायाखालून सरकल्याची ती जाणीव असते.

ही जाणीव सांगायला इंग्रजीत एक शब्द आहे: वियर्ड. आज तो फार स्वस्त झाला आहे. कुणाचा शर्ट वियर्ड, कुणाचा मेसेज वियर्ड, भाजीची चवसुद्धा वियर्ड. आपली मुलेही मराठी बोलता बोलता तो सहज वापरतात. पण या शब्दाचा मूळ दर्जा देवतेचा होता. तो तिथून इथवर कसा आला आणि त्याचे मूळ घर कोणते, याचा शोध लागायला अडीचशे वर्षे गेली. त्या शोधातली शेवटची कळ मेलट्टूरच्या आसपास, कावेरीकाठच्या वेदपाठशाळांत पिढ्यानपिढ्या रोज पहाटे म्हटल्या जाणाऱ्या स्वरांमध्ये होती. मला ठाऊक असलेल्या शब्दकथांमध्ये इतकी थरारक दुसरी नाही.

शोधाची सुरुवात लंडनमधल्या एका छापखान्यात होते. १६२३ साली, शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, त्याच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह छापला गेला. ‘मॅकबेथ’मध्ये माळरानावर तीन चेटकिणी भेटतात आणि मॅकबेथला तू राजा होशील असे सांगतात. नाटकात त्यांना जे विशेषण आहे ते या संग्रहात सहा वेळा येते: तीनदा ‘वेवर्ड’ आणि तीनदा ‘वेयर्ड’. ‘वियर्ड’ एकदाही नाही. लेखनिकाने की खिळे जुळवणाऱ्याने, कोणीतरी तो शब्द ओळखला नव्हता. ‘वेवर्ड’ म्हणजे हट्टी, वाट सोडून वागणारा. शंभर वर्षे वाचक तेच वाचत राहिले. राजाचे नशीब सांगणाऱ्या त्या तिघी नुसत्या हट्टी बायका ठरल्या.

ही गाठ सोडवली लुईस थिओबाल्ड नावाच्या माणसाने. शिक्षणाने तो वकील होता आणि ग्रीक नाटकांची भाषांतरे करून पोट भरत होता. १७२५ मध्ये अलेक्झांडर पोप या त्या काळच्या सर्वांत मोठ्या कवीने शेक्सपिअरची आवृत्ती काढली. पुढच्याच वर्षी थिओबाल्डने तिच्यातल्या चुका दाखवणारे एक पूर्ण पुस्तक प्रसिद्ध केले. पोप हे विसरला नाही. १७२८ च्या आपल्या उपहासकाव्यात त्याने थिओबाल्डला मंदबुद्धींचा राजा करून टाकले, आणि पुढच्या पिढ्यांनी थिओबाल्डचे नाव प्रामुख्याने त्या काव्यातूनच ऐकले. ज्याच्या डोळ्यांना अक्षरामागचा हरवलेला शब्द दिसत होता, त्याच्या वाट्याला हे आले.

पण त्याने काम सोडले नाही. शेक्सपिअरने ही कथा जिथून उचलली ती हॉलिन्शेडची बखर त्याने उघडली. शेक्सपिअरने तिची १५८७ ची आवृत्ती वापरली होती. तिच्यात मॅकबेथला भेटलेल्या तिघींना ‘वियर्ड सिस्टर्स’ म्हटले होते, आणि त्या म्हणजे नशिबाच्या देवता असा खुलासाही होता. ही कथा मूळची स्कॉटलंडच्या इतिहासातली होती. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला विंटन या स्कॉटिश बखरकारानेही मॅकबेथच्या गोष्टीत हाच शब्द वापरला होता. इंग्लंडच्या दक्षिणेत शब्द विझला होता, उत्तरेत तो जिवंत होता. थिओबाल्डची आवृत्ती १७३३ ची. तिच्यात त्याने बहिणींना त्यांचे नाव परत दिले. हट्टी बायका पुन्हा दैव झाल्या.

ही दुरुस्ती आवृत्त्यांत रुळली आणि त्या आवृत्त्या जगभर गेल्या. तंजावरला १७९८ ते १८३२ या काळात दुसरे सरफोजी गादीवर होते. राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजांच्या हाती होते ते पुस्तके, शस्त्रक्रियेची अवजारे आणि ज्ञानाची तहान. सरस्वती महाल या ग्रंथालयात त्यांनी जमवलेल्या इंग्रजी पुस्तकांत जॉन्सनच्या शब्दकोशाची १७८४ ची प्रत आहे. १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हीबर त्यांना भेटले आणि चकित झाले. हा हिंदू राजा लाव्वाझिए आणि लिनियस यांचे दाखले देतो, बंदुकीचा नेम अचूक धरतो, आणि शेक्सपिअरच्या काव्याची पारख बायरनपेक्षा सरस करतो, असे त्यांनी लिहून ठेवले. या भेटीनंतर काही दिवसांतच तिरुचिरापल्लीत त्यांचा मृत्यू झाला. शेक्सपिअरची इतकी पारख असलेला एक मराठी राजा पापनाशमपासून काही कोसांवर नांदत होता, आणि शेक्सपिअरच्या त्या एका शब्दाची नाळ ज्या वेदपाठाशी जुळणार होती, तो पाठ त्याच्याच मुलुखात रोज चालला होता. या दोन गोष्टींमधला धागा मात्र त्या काळी जगात कोणालाच दिसलेला नव्हता.

इंग्रजीच्या सर्वांत जुन्या रूपात हा शब्द ‘व्युर्ड’ असा होता. तो नाम होता, स्त्रीलिंगी होता, आणि अर्थ होता घडून येणारे, होणारे, विधिलिखित. जुन्या पोथ्यांत रोमनांच्या तिघी भाग्यदेवतांच्या नावापुढे अर्थ म्हणून हाच शब्द मांडलेला आढळतो. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडे या देवता तीन बहिणी आहेत आणि त्या जगवृक्षाच्या मुळाशी झऱ्याकाठी बसतात. त्यांची नावे उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्ड. पहिल्या दोन नावांत व्युर्डचाच धातू आहे. ‘उर्द’ म्हणजे घडून गेलेले. ‘वेर्दांदी’ म्हणजे घडत असलेले. धातूचा अर्थ वळणे, फिरणे, आणि त्यातून होणे, घडणे.

इथे मराठी वाचक सावध व्हायला हवा. आपल्याकडे ‘वृत्’ आहे. घडून गेले ते वृत्त, घडत आहे ते वर्तमान. झऱ्याकाठच्या पहिल्या दोन बहिणींच्या नावांसाठी याहून जवळचे शब्द मला कोणत्याही भाषेत माहीत नाहीत.

संस्कृत आणि युरोपी भाषांच्या साम्याची चाहूल फार आधीच लागलेली होती. ती ज्यांना लागली त्या पहिल्या काहींमध्ये आपला एक कवी आहे. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सने १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची असल्याचे म्हटले होते. ते पत्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशितच राहिले. कूर्दू या फ्रेंच जेसुइटाने १७६७ मध्ये दक्षिण भारतातून असाच लेख पॅरिसला पाठवला, आणि तोही अनेक दशके पडून राहिला. नाव झाले ते विल्यम जोन्सचे, १७८६ मधल्या कलकत्त्याच्या भाषणामुळे.

साम्य दिसणे आणि नाते सिद्ध होणे यांत मोठे अंतर आहे. नात्याला नियम लागतो. तो याकोब ग्रिमने १८२२ मध्ये मांडला. त्याआधी रास्क हा डॅनिश अभ्यासक त्याच वाटेवर बराच पुढे गेलेला होता. नियम असा: संस्कृतात जिथे ‘प’ तिथे इंग्रजी-जर्मन कुळात ‘फ’, म्हणून पाद आणि फूट. जिथे ‘त’ तिथे ‘थ’, म्हणून त्रि आणि थ्री, तनु आणि थिन, तृष्णा आणि थर्स्ट. शेकडो शब्द या नियमात बसले. पण काही बसेनात, आणि ते अगदी घरातले होते. ‘भ्रातृ’चा ‘त’ ब्रदरमध्ये नियमाप्रमाणे ‘थ’ झाला. ‘पितृ’ आणि ‘मातृ’ मात्र जुन्या इंग्रजीत ‘फॅडर’ आणि ‘मोडोर’ होते. तिथे ‘थ’ नव्हता, ‘ड’ होता. आजच्या फादर-मदरमधला ध्वनी फार नंतर शिरलेला आहे. जर्मनमध्ये फरक अजून दिसतो: भाऊ ‘ब्रूडर’, बाप ‘फाटर’. एकाच घरातल्या तीन शब्दांनी दोन वेगळे मार्ग का धरावेत?

आपल्या शब्दाच्या कुळात तर हा पेच एकाच क्रियापदाच्या पोटात होता. ‘होणे’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूचे वर्तमान ‘वेओर्थान’, एकवचनी भूतकाळ ‘वेआर्थ’. दोन्हींत ‘थ’ आहे. अनेकवचनी भूतकाळ मात्र ‘वुर्डोन’, आणि नाम ‘व्युर्ड’. इथे ‘ड’. धातू एक आणि व्यंजने दोन. जोवर हा ‘ड’ कुठून आला ते कळत नव्हते, तोवर व्युर्ड आणि वृत् यांचे नाते पुराव्याअभावी अर्धवट लटकले होते. पंडितांनी असल्या शब्दांना अपवाद म्हणून बाजूला ठेवून दिले होते. पन्नास वर्षे ते तसेच पडून राहिले.

आणि मग १८७५ उजाडते. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस गावात कार्ल व्हर्नर नावाचा तरुण राहत होता. त्याने तिशीही गाठली नव्हती, आणि विद्यापीठात त्याला जागा नव्हती. एके दिवशी बरे वाटेना, दुपारी थोडे पडावे असे त्याला वाटले. झोप यावी म्हणून त्याने हाताला लागेल ते पुस्तक उचलले. ते फ्रान्झ बॉपचे तौलनिक व्याकरण निघाले. त्याने ही हकीकत पुढे स्वतः सांगितली आणि भाषापंडित ओटो येस्पर्सनने ती नोंदवून ठेवली. पान उघडले तर दोन संस्कृत शब्द समोर उभे होते: पितर् आणि भ्रातर्. रोमन लिपीत छापलेल्या त्या शब्दांवर बॉपने वैदिक स्वराची खूण दिली होती. ‘भ्रातर्’मध्ये ती पहिल्या अक्षरावर होती, ‘पितर्’मध्ये दुसऱ्या.

तो उठून बसला असेल. मला तरी तो पडून राहिलेला दिसत नाही.

भ्रातर्: स्वराघात ‘भ्रा’वर, म्हणजे ‘त’च्या लगेच आधी. ब्रदरमध्ये ‘थ’ टिकला. पितर्: ‘त’च्या आधीचे ‘पि’ आघाताशिवायचे. फॅडरमध्ये ‘ड’ झाला. मातर् पितर् सारखा, आणि मोडोरमध्ये तसाच ‘ड’. ज्या अक्षरावर आवाज उंचावतो त्याच्या पाठोपाठ येणारा ‘थ’ आपला कठोरपणा राखतो. आधीचे अक्षर उदात्त, म्हणजे उंच स्वराचे, नसले की तो मऊ होतो. गंमत अशी की जर्मन कुळातल्या भाषांनी तो जुना आघात कधीच टाकून दिला होता आणि सगळा जोर शब्दाच्या आरंभी नेऊन ठेवला होता. कारण पुसले गेले, परिणाम उरला. दोन हजार वर्षांपूर्वी हरवलेल्या एका सुराचा ठसा व्यंजनांवर राहून गेला होता आणि तो ओळखू येईल अशी जागा फक्त परक्या घरी होती.

परक्या म्हणजे कोणाच्या? ग्रीकनेही नामांमध्ये जुना आघात बराच जपला आहे. पण क्रियापदांत ग्रीकने तो सरसकट मागे ओढला, म्हणून तिथे ग्रीकची साक्ष उपयोगाची नाही. आपला शब्द क्रियापदाच्या कुळातला. इथे वेदच हवा. वैदिक भाषेत ‘तो वळला’ म्हणजे ‘ववर्त’: उदात्त दुसऱ्या ‘व’वर, ‘त’च्या आधी. त्याला जुळते ‘वेआर्थ’, ‘थ’सकट. ‘आम्ही वळलो’ म्हणजे ‘ववृतिम’: उदात्त शेवटच्या प्रत्ययावर. त्याला जुळते ‘वुर्डोन’, ‘ड’सकट. व्युर्डमधला ‘ड’ही असाच, कारण त्या नामाच्या मूळ रूपात आघात शेवटी होता. पन्नास वर्षांचा अपवाद नियम होऊन उभा राहिला. व्हर्नरचा नियम शिकवताना भाषाशास्त्राच्या पुस्तकांत हेच ववर्त-ववृतिम आजही देतात.

आपल्या हाती काय लागले आहे याची व्हर्नरला खात्री नव्हती. १ मे १८७५ रोजी त्याने विल्हेल्म थॉमसन या भाषापंडिताला पत्रातून ते कळवले. थॉमसनने त्याला लिहायला लावले. निबंध १८७७ मध्ये कूनच्या जर्मन नियतकालिकात आला आणि युरोपातल्या भाषापंडितांची झोप उडाली. त्यानंतर व्हर्नरने फारसे काही प्रसिद्ध केले नाही. हाले इथल्या ग्रंथालयात काम केले, पुढे कोपनहेगनला स्लाव्ह भाषांचा प्राध्यापक झाला आणि १८९६ मध्ये गेला.

बॉपच्या पानावरची ती खूण आली कुठून, हा प्रश्न आपण विचारायला हवा, कारण युरोपी पुस्तकांत तो सहसा विचारला जात नाही. ऋग्वेदाच्या पोथीत अनुदात्ताला अक्षराखाली आडवी रेघ असते आणि स्वरिताला डोक्यावर उभी. उदात्ताला चिन्हच नसते. ज्या स्वरावर व्हर्नरचा सगळा निकाल अवलंबून होता तो कागदावर कोराच राहतो. तो कंठात असतो. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेक अक्षर उलटसुलट घोटून, गुरूच्या समोर बसून, मान खालीवर करत शिकलेला. स्वर चुकला तर काय होते हे पाठशाळेतल्या लहान मुलालाही ‘इन्द्रशत्रु’च्या गोष्टीतून कळते: त्वष्ट्याला ‘इंद्राला मारणारा’ मुलगा हवा होता, उदात्त शेवटाऐवजी आरंभी पडला, आणि ‘इंद्र ज्याला मारील’ असा वृत्र जन्माला आला. एका सुराने अर्थ फिरवला. अशा भीतीने आणि श्रद्धेने जपले म्हणून ते टिकले.

पापनाशम, कुंभकोणम, तिरुवैयारू या पट्ट्यात तैत्तिरीय शाखेचा पाठ मोठ्या आदराने चालत आला आहे. भोसल्यांबरोबर आलेल्या मराठी घराण्यांत आणि इकडे महाराष्ट्रात ऋग्वेदाचा पाठ आहे. आपल्या वैदिकांनी तर युरोपला थेट शिकवलेही. मार्टिन हाउग हा जर्मन पंडित १८५९ पासून काही वर्षे पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होता. तिथे त्याने प्रत्यक्ष पठण कानांनी ऐकले आणि जर्मनीला परतल्यावर वैदिक स्वराच्या स्वरूपावर जर्मनमध्ये पुस्तक लिहिले. ते व्हर्नरच्या त्या दुपारच्या जेमतेम एखाद-दोन वर्षे आधीचे आहे. म्हणजे त्या दुपारी संस्कृत स्वर ही युरोपात मृत पोथीतली बाब राहिलेली नव्हती. पुण्याच्या कोणा वैदिकाचा आवाज तिथवर पोचला होता. त्या वैदिकांची नावे या शोधाच्या इतिहासात थॉमसनच्या जोडीने यायला हवी होती.

त्याच दशकात तंजावरला आर्थर बर्नेल हा न्यायाधीश होता. कचेरीतून सुटला की तो सामवेदाच्या ब्राह्मणग्रंथांचे संपादन करी, आणि भोसल्यांच्या वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची त्याने वर्गवार सूची केली. ती १८८० मध्ये लंडनला छापली. त्यानंतर दोन वर्षांतच, अजून चाळिशीत असताना, तो गेला. सरफोजींनी काशीयात्रेतून आणि इतर ठिकाणांहून भर घालून वाढवलेला तो संग्रह जगाला नीट दिसला तो या सूचीमुळे.

या सगळ्या काळात ‘वियर्ड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ मात्र सरकत होता. देवतेचे नाम चेटकिणींचे विशेषण झाले. मग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शेली, कीट्स यांच्यासारख्या कवींनी तो ढगांना आणि औषधी अर्कांना लावला, आणि ‘दैवाचा’ हा अर्थ विरून ‘अनाकलनीय, अंगावर काटा आणणारा’ एवढाच उरला.

मराठीत मात्र हे कुळ भरभरून नांदते आहे, आणि त्याची जुनी वळणेही टिकून आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले वर्तन, आवर्तन, परिवर्तन बाजूला ठेवू. प्राकृतातून झिजत आलेले पाहा. ‘वर्त्मन्’चे झाले वाट. ‘वर्ति’ची झाली वात, वळून केलेली. ‘वर्तुल’चे झाले वाटोळे. पापनाशमच्या तिरुप्पालैतुरै देवळाच्या आवारात नायकांच्या काळातले विटांचे प्रचंड धान्यकोठार उभे आहे, तेही वाटोळे. आणि याच शब्दाने आपण सर्वनाशही सांगतो: घराचे वाटोळे झाले. दिवस फिरले, ग्रह फिरले, दशा फिरली असे आपण म्हणतो. नशीब म्हणजे फिरणारे काहीतरी, ही व्युर्डमधली मूळ कल्पना मराठी माणूस रोज बोलतो. त्या १६२३ च्या चुकीच्या ‘वेवर्ड’मधला ‘वर्ड’सुद्धा याच धातूचा आहे, आपल्या मध्यवर्ती-सीमावर्तीमधल्या ‘वर्ती’चा सख्खा. खिळे चुकले तेव्हाही बहीण हाताला लागलीच होती.

जुन्या मराठीत ‘वर्तणे’ म्हणजे घडणे, नेमका ‘वेओर्थान’चा अर्थ. अनाकलनीय काही घडले की संतांपासून आपण म्हणत आलो: नवल वर्तले. त्याच क्रियापदाचे प्रयोजक रूप आजही ज्योतिषाच्या तोंडी असते, आणि ‘मॅकबेथ’मधल्या तिघी बहिणी माळरानावर उभ्या राहून करतात तेही तेच. त्या भविष्य वर्तवतात.